अंश आणि छेद : हुबळीचा प्लेग आणि आजचं सांख्यिकी सॉफ्टवेअर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवात व्याख्यान द्यायचं म्हटल्यावर विषय संतवाङ्मयाचा, नाटकाचा किंवा इतिहासाचा असावा, अशी अपेक्षा असते. मी मात्र तुमच्यासमोर आकडेमोडीचा विषय घेऊन आलो आहे. कार्यवाहांना फोनवर विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "सर, आरतीनंतर लोक थांबले पाहिजेत हो." आपण थांबला आहात, याबद्दल आधीच आभार मानतो.

विषय आहे वैद्यकीय संशोधनात संगणकावर चालणारी आकडेमोड. तुमच्यातल्या बऱ्याच घरांत आज कुणी एमडी करतंय, कुणी फार्मसी, कुणी नर्सिंग. या मुलांना प्रबंध लिहावा लागतो. रुग्णांची माहिती जमवायची, ती संगणकात भरायची आणि एसपीएसएस किंवा आर अशा एखाद्या सॉफ्टवेअरकडून निष्कर्ष काढून घ्यायचा. मी आयुष्यभर अशा मुलांना हेच शिकवलं. सॉफ्टवेअर चालवायला शिकवणं सोपं असतं. त्याला काय विचारायचं, हे शिकवणं अवघड. त्याची गोष्ट सांगण्यासाठी मला आपलंच गाव पुरेसं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला. हा प्लेग आहे, असं निदान केलं ते मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून रँडचा खून झाला, तो इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट मुंबईत घडत होती. वाल्डेमार हाफकिन नावाचा ओडेसाचा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची पहिली मोठी परीक्षा झाली. स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही, आणि दोन्ही गटांत किती जण आजारी पडतात ते मोजलं. परळची आजची हाफकिन संस्था त्याच्याच नावानं उभी आहे.

तो प्लेग रेल्वेनं आपल्या गावातही आला. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. घरात उंदीर पडला की दारं लावायची, भांडीकुंडी बैलगाडीत घालायची आणि माळावर झोपड्यांत राहायला जायचं. १८९८ च्या मे महिन्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे याच गणपतीच्या दिवसांपर्यंत, सर्जन-कॅप्टन ल्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुबळीत हजारो लोकांना हाफकिनची लस टोचली. जवळजवळ अख्ख्या गावाला लस देण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्या काळी फार थोड्या ठिकाणी झाला असेल. हुबळीचे आकडे पुढे लंडनपर्यंत गेले. हाफकिननं ते विद्वानांपुढे मांडले, आणि सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननं त्यांची छाननी केली.

आता साधा प्रश्न. लस घेतलेल्यांत किती मेले आणि न घेतलेल्यांत किती मेले, एवढं मोजलं की झालं ना? शाळेतल्या अपूर्णांकासारखं. वर अंश, खाली छेद. अंश मोजायला सोपा असतो, कारण मृत्यूची नोंद होते, स्मशानात नोंद होते. छेदाचं काय?

एक काल्पनिक पेठ घेऊ. तिच्यात हजार माणसं आहेत. तिथं लस म्हणून नुसतं पाणी टोचलं जातंय असं समजा. म्हणजे उपयोग शून्य. साथ अशी आहे की दर आठवड्याला शंभरात एक माणूस दगावतो, लस घेतलेला असो वा नसो. मेलेल्यांमुळे होणारी घट हिशोबाच्या सोयीसाठी सोडून देऊ. पहिल्या आठवड्यात शंभर जणांनी लस घेतलेली आहे, दुसऱ्यात दोनशे, असं करत नवव्या आठवड्यात नऊशे. पहिल्या आठवड्यात लस न घेतलेले नऊशे आहेत, त्यातले ९ मेले. घेतलेले शंभर, त्यातला १ मेला. दुसऱ्यात ८ आणि २. असं करत नवव्या आठवड्यात १ आणि ९. बेरीज केली तर न घेतलेल्यांत ४५ मृत्यू, घेतलेल्यांतही ४५.

शेवटच्या दिवशी एक कारकून येतो. पेठेत लस घेतलेले नऊशे आणि न घेतलेले शंभर एवढं बघतो, आणि भागाकार करतो. घेतलेल्यांत नऊशेपैकी ४५, म्हणजे ५ टक्के. न घेतलेल्यांत शंभरपैकी ४५, म्हणजे ४५ टक्के! नुसत्या पाण्यानं मृत्यू नऊपट कमी झाले असा अहवाल तो पाठवतो. त्याची बेरीज बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. तरी निष्कर्ष साफ खोटा. जी माणसं सुरुवातीचे आठवडे लसीविना जगली आणि नंतर टोचून घेती झाली, त्यांचे ते आठवडे 'न घेतलेल्यां'च्या खात्यावर लागायला हवे होते. ते लागलेच नाहीत. प्रत्येक माणूस कोणत्या खात्यावर किती आठवडे होता ते मोजलं, तर दोन्हीकडे साडेचार हजार आठवडे भरतात आणि मृत्यूदर दोन्हीकडे तेवढाच येतो, आठवड्याला शंभरात एक.

तुमच्यातल्या पेढीवर बसणाऱ्या मंडळींना हे चटकन कळेल. दुसऱ्याची उधारी आपल्या खात्यावर चढली तर रोजकीर्द कितीही सुंदर अक्षरात लिहा, खतावणी चुकणारच.

हुबळीच्या डॉक्टरांचं कौतुक हे की त्यांनी ही चूक ओळखली होती. त्यांचे तक्ते आठवड्याआठवड्यानं मांडलेले होते. पण दुसऱ्या अडचणी राहिल्याच. साथीत निम्मं गाव माळावर, पाहुण्यांकडे, परगावी. लस घेतलेल्याचं नाव वहीत असतं. न घेतलेल्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं, तो आकडा वजाबाकी करून काढावा लागतो, आणि ती वजाबाकी गावाच्या अंदाजी लोकसंख्येतून. शिवाय लस घ्यायला कोण पुढे येतो? बहुधा जरा शिकलेला, बऱ्या घरात राहणारा. मग तो वाचला तो लसीमुळे की घरामुळे? प्लेग कमिशननं अशाच शंका काढल्या. शेवटी निर्णय मात्र लसीच्या बाजूनं दिला. लस पूर्ण संरक्षण देत नाही, पण आजार आणि मृत्यू दोन्ही कमी करते, असं त्यांनी म्हटलं.

१९१५ साली ग्रीनवुड आणि यूल या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी लसीच्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवावा, याच्या अटी लिहून ठेवल्या. लस घेतलेले आणि न घेतलेले हे इतर सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असले पाहिजेत. दोघांनाही रोगाचा धोका सारखाच असला पाहिजे. आणि आजार झाला की नाही हे ठरवणाऱ्यावर, त्या माणसानं लस घेतली होती या माहितीचा परिणाम होता कामा नये. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. या अटींत एकही शब्द बदलावा लागलेला नाही.

बदललं ते यंत्र. ल्यूमनसाहेबांनी पेन्सिलीनं केलेलं गणित आज सॉफ्टवेअर डोळ्याची पापणी लवण्याआत करतं. एसपीएसएस १९६८ साली अमेरिकेत समाजशास्त्रासाठी तयार झालं आणि पुढे वैद्यकातही घरोघर पोचलं. साथींच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या सीडीसीनं १९८५ मध्ये एपी इन्फो काढलं आणि ते फुकट दिलं. आर ही भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी सुरू केली, तीही फुकट आहे आणि जगभरचे संशोधक तिच्यात भर घालतात. आपली हुबळीतली काल्पनिक पेठ यांतल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नीट मांडता येते. सर डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये दिलेल्या पद्धतीत माणूस कोणत्या आठवड्यात कोणत्या खात्यावर होता, हे सांगायची सोय आहे. पण सांगायला आपण हवं. सांगितलं नाही, तर यंत्र त्या कारकुनासारखंच ४५ भागिले शंभर करेल, आणि ते अगदी चार दशांश स्थळांपर्यंत करेल.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. पुष्कळ वर्षं झाली. गावाचं आणि कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. एक विद्यार्थिनी प्रबंध घेऊन आली. गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम होतं. साठ जणींना नेहमीचं लोहाचं औषध, साठ जणींना नवं, महागडं औषध. शेवटी हिमोग्लोबिन मोजायचं. तिनं सॉफ्टवेअर चालवलं, उत्तर आलं पी बरोबर ०.०४. पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे नवं औषध सरस! मी आकडा पाहिला, चाचणी योग्य निवडली आहे ना ते पाहिलं, आणि सही केली.

संध्याकाळी वॉर्डातल्या वडीलधाऱ्या सिस्टर भेटल्या. पोरीनं त्यांना कौतुकानं तक्ता दाखवला होता. त्या मला म्हणाल्या, "काय हो सर, हिच्या बायका गरोदर आहेत का पैलवान? सरासरी पावणेसोळा हिमोग्लोबिन आमच्या वॉर्डात मी तरी कधी बघितलं नाही."

मी परत जाऊन वही काढली. नव्या औषधाच्या गटातल्या चार बायका तपासणीला आल्याच नव्हत्या. त्यांच्यापुढे पोरीनं ९९ लिहिलं होतं. ९९ म्हणजे 'माहिती नाही', ही आमची नेहमीची खूण. पण ती खूण आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहून गेलं. त्यानं चार बायकांचं हिमोग्लोबिन ९९ धरलं आणि सरासरी काढली. खरी सरासरी होती ९.८, झाली १५.७५. त्या चौघींना बाजूला काढल्यावर दोन्ही गट अगदी सारखे निघाले. फरक शून्य.

रात्रभर मला झोप आली नाही. प्रबंध तसाच गेला असता, तर उद्या कुणी डॉक्टर त्याच्या आधारे खेड्यातल्या बाईला म्हणाला असता, 'हे महाग औषध घे.' तिनं कानातलं मोडून ते घेतलं असतं, आणि फायदा काहीच झाला नसता. संख्याशास्त्राची पदवी माझ्याकडे होती. पण बायका पैलवान आहेत का, हा प्रश्न विचारला सिस्टरनी. कारण मी पी बघत होतो आणि त्या बायका बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावून घेतलं आणि म्हटलं, "बाळ, सही माझी होती, दोष माझा." तिनं नव्यानं प्रबंध लिहिला. दोन औषधांत फरक आढळला नाही, असा. ती घाबरली होती, फरक नाही म्हटल्यावर नापास करतील का म्हणून. नाही केलं. फरक नाही, हेही उत्तरच असतं, आणि गरीब माणसाच्या खिशाच्या दृष्टीनं तर फार मोलाचं उत्तर.

असं फक्त आमच्याकडे होतं असं समजू नका. २०२० च्या शरद ऋतूत कोविडच्या ऐन लाटेत इंग्लंडमध्ये जवळजवळ सोळा हजार रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. कारण काय, तर एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळून पडल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत शोधता आलं नाही. दुसरी गंमत जनुकांची. काही जनुकांची नावं 'मार्च वन', 'सेप्ट टू' अशी होती. एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकायचं. इतक्या शोधनिबंधांत ही चूक शिरली की शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. यंत्र सुधारेना म्हणून माणसांनी बारसं पुन्हा केलं!

आता त्या 'पी'बद्दल दोन शब्द. औषधात काहीच दम नसताना केवळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, म्हणजे पी. ती पाच टक्क्यांहून कमी असेल तर फरक दखल घेण्याजोगा, अशी प्रथा पडली आहे. पण समजा, औषधात काहीच दम नाही आणि तुम्ही वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, रक्तदाब, साखर, वजन, झोप वगैरे. या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर निदान एका ठिकाणी पी पाच टक्क्यांच्या आत येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट असते. पूर्वी हातानं वीस चाचण्या करायला महिना लागायचा, म्हणून माणूस आधी विचार करायचा. आता माऊसच्या एका टिचकीत वीस होतात, आणि मग मनासारखी एक निवडून छापायचा मोह होतो. म्हणूनच भारतात २००७ साली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. काय मोजणार ते आधी जाहीर करा, मग मोजा. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढायचं नाही.

चांगलं काम कसं असतं, याचं मराठी मुलखातलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत शिकवलेल्या आरोग्यसेविकांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत, ती तिसऱ्या वर्षी २५.५ वर आली. तुलनेच्या गावांत ५८ होती, ती ५९.६ झाली. या कामाचा मला वाटणारा मोठेपणा छेदात आहे. जन्मलेलं प्रत्येक मूल आणि मेलेलं प्रत्येक मूल नोंदवणं. खेड्यात जन्मून दोन तासांत गेलेल्या बाळाचं नावही ठेवलेलं नसतं. ते वहीत आलं नाही, तर मृत्यूदर आपोआप कमी दिसतो. ते वहीत आणायला कुणीतरी त्या झोपडीत जाऊन बसावं लागतं. सॉफ्टवेअरचं काम त्यानंतर सुरू होतं. पुढे आशाताईंच्या हातून ही घरची बाळकाळजी देशभर गेली.

इथं बसलेल्या विद्यार्थ्यांना आता चार गोष्टी सांगतो. एक, माहिती भरण्याआधी खुणांची वही करा. १ म्हणजे काय, २ म्हणजे काय, 'माहिती नाही' म्हणजे काय, ते लिहा आणि सॉफ्टवेअरलाही सांगा. दोन, कोणतीही चाचणी करण्याआधी प्रत्येक रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहा. हिमोग्लोबिन ९९ किंवा वय २३० तिथंच सापडतं. तीन, टिचक्या मारून काम करू नका, आज्ञा लिहून जपून ठेवा, म्हणजे दुसरा कुणीही तेच उत्तर पुन्हा काढून बघू शकेल. मूळ माहितीच्या फाइलला हात लावायचा नाही, काम नेहमी तिच्या प्रतीवर करायचं. चार, उत्तर आल्यावर ते संख्याशास्त्रज्ञाला दाखवा, पण वॉर्डातल्या सिस्टरनाही दाखवा.

आणि बाकी सर्वांसाठी. मोबाईलवर रोज येतं, 'अमुक काढ्यानं मधुमेह बरा होतो, संशोधनानं सिद्ध.' ते पुढे पाठवण्याआधी तीनच प्रश्न विचारा. किती जणांत पाहिलं? कुणाशी तुलना केली? आणि मधेच सोडून गेलेल्यांचं काय झालं? या प्रश्नांना सॉफ्टवेअर लागत नाही. आजीबाईसुद्धा विचारू शकते. उत्तर मिळालं नाही, तर संदेश पुढे पाठवू नका, एवढंच.

१८९८ च्या त्या पावसाळ्यात या गावातली हजारो माणसं हात पुढे करून उभी राहिली. लस काय आहे, कोणत्या देशातल्या माणसानं केली आहे, त्यांना काही माहीत नव्हतं. ज्यांनी टोचून घेतलं तेही त्या तक्त्यात आहेत, आणि जे माळावर निघून गेले तेही. आज आपण लसी बिनधास्त घेतो, त्यामागे अशा कित्येक तक्त्यांतली माणसं आहेत. आकडा म्हणजे तेच कुणीतरी असतं. माझी पणजी त्या अंशात नव्हती, छेदात होती, म्हणून आज मी इथं उभा आहे. तिची मोजदाद कुणीतरी नीट केली असेल, अशी माझी श्रद्धा आहे. आपल्यानंतरच्यांची नीट करणं, एवढं आपल्या हातात आहे.

श्रीगजानन आपणा सर्वांना आरोग्य देवो, आणि आमच्या मुलांना हिशोबात प्रामाणिक राहण्याची बुद्धी देवो. 

गणपती बाप्पा मोरया!